बर्फाची चिठ्ठी

तात्यापारा, रायपूर
११ फेब्रुवारी २००२

ती. कुमुदताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. आजकाल माझ्या हातून होणारं तेवढंच एक बिनचूक काम आहे.

नवी राजधानी कशी आहे म्हणून विचारलंस. राजधानी आहे हे पाट्यांवरून कळतं. आमचं 'जलजीव संवर्धन केंद्र' मुलींच्या जुन्या वसतिगृहात थाटलं आहे. माझ्या टेबलामागे भिंतीवर अजून 'स्नान का समय दस मिनट' असं रंगवलेलं आहे आणि त्याखाली बसून मी राज्याच्या जलसंपत्तीचा विचार करतो. राज्याच्या वाटणीत कपाटं भोपाळनं ठेवून घेतली, कपाटातल्या फायली इकडे पाठवल्या, अन् फायलींच्या गठ्ठ्यासोबत मी. शर्मिष्ठा आणि पोट्टी भोपाळलाच आहेत. देवश्रीचं बारावीचं वर्ष. भोपाळला परत बदलीचा अर्ज दिला आहे. संचालक म्हणाले, "मे महिने का काम निपटा दो, फिर देखते हैं."

तर ते मे महिन्याचं काम. नव्या राज्याला काहीतरी नवीन लागतं. आमच्याकडे धान आहे, जंगल आहे, तलाव तर गल्लोगल्ली आहेत, पण हे सगळं आधीपासूनच असल्यामुळे त्याचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातला गोड्या पाण्यातला झिंगा आणला आहे. क्रेफिश म्हणतात. वीतभर लांब, निळसर, पुढे दोन नांग्या. आमचा शिपाई त्याला विंचूच म्हणतो. साठ नग आलेत. तेलीबांध्याच्या पुढे त्यांच्यासाठी चहूबाजूंनी सिमेंटचा तलाव बांधला आहे, अन् मेमध्ये दिल्लीचे पाहुणे आले की त्यांच्यासमोर ते त्यात सोडायचे.

अडचण एवढीच की हे साठही जण थंडगार हॅचरीत वाढलेले. त्यांचं पाणी बावीस अंश. मेमध्ये आमचा तलाव तेहतीसच्या खाली येत नाही. मला इन्चार्ज का केलं ठाऊक आहे? सोबतचं इंग्रजी पत्रक मी शेवटपर्यंत वाचलं. सरकारी नोकरीत ही चूक करू नये.

मदतीला देवीदास आहे. पुरानी बस्तीचा. आजोबा भंडाऱ्याहून आले होते, त्यामुळे बोलतो आपल्यासारखंच, वरून 'हो'च्या जागी 'हव'. चौदा वर्षं रोजंदारीवर. जूनमध्ये कायम करण्याच्या यादीत यंदा त्याचं नाव आहे आणि त्यावर 'काम समाधानकारक' असा माझा शेरा लागतो. माझ्या शेऱ्याला किंमत असलेली ही राज्यातली एकमेव जागा.

तू तीस वर्षं पोरींना प्राणिशास्त्र शिकवलंस. सांग, या परदेशी पाहुण्यांना रायपूरचं ऊन कसं शिकवू?

तुझा
शिरीष

—

अमरावती
२३ फेब्रुवारी २००२

चि. शिरीष,

आशीर्वाद. विनोद पुरे, आता ऐक.

तुझ्या झिंग्याला स्वतःचं असं तापमान नसतं. पाणी बावीस तर तो बावीस, पाणी तीस तर तो तीस. आपण उन्हात गेलो की शरीर भांडतं, घाम काढतं. त्याच्याकडे ती सोय नाही. पाण्यासोबत त्याला आतून बदलावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. दिवस दिलेस तर तो पुष्कळ सोसेल. हळूहळू उबेत आणलेला झिंगा जी गरमी सहज काढतो, त्याच गरमीत थेट टाकलेला मरतो. प्राणी एकच, फरक फक्त मधल्या दिवसांचा.

दुसरं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमकी तेव्हाच झिंग्याला जास्त हवा लागते. बुडबुड्यांचा पंप बंद पडू देऊ नको. तिसरं, ते कात टाकतील. कात टाकलेला झिंगा दोन-तीन दिवस लोण्यासारखा मऊ असतो, बाकीचे त्याला खाऊन टाकतात. त्याला वेगळा ठेव.

आणि जे पोरी परीक्षेत हमखास विसरायच्या ते: उतरतानाही सावकाश. एकदा तीसची सवय झाली की त्याच्यासाठी बावीस हे घर उरत नाही. गार केलं म्हणजे बरं केलं, असं नसतं.

प्रत्येक पत्राच्या माथ्यावर पाण्याचं तापमान लिहीत जा. तुझ्या गमतीजमतींपेक्षा मला ते जास्त कळेल. आणि परदेशातला जीव आपल्या तलावात सोडायचाच कशाला, हे तुम्ही कोणी विचारलं का? सिमेंट फुटतं रे.

कुमुदताई

—

रायपूर
२० मार्च २००२
पाणी २८

ती. ताई,

सिमेंटबद्दल विचारलं होतं. संचालक म्हणाले, "आप फाइल पर मत लिखिए." लिहिलं नाही.

बाकी तुझी शाळा जोरात आहे. दर चार दिवसांना एक अंश. वसतिगृहाच्या मोठ्या हौदात दोन हजार लिटर पाणी, त्यात हे साठ. देवीदासनं थर्मामीटरला लाल धागा बांधला आहे, त्या-त्या चार दिवसांच्या आकड्यावर. पारा धाग्याच्या वर गेला तर ताडपत्रीची सावली, खाली गेला तर ताडपत्री बाजूला. धाग्याची वेगळीच कथा. वीतभर धागा स्टोअरकडे मागितला तर चिठ्ठी मागतात. आमच्या केंद्रात खिळा, सुतळी, खडू, काहीही माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय बाहेर येत नाही. शेवटी देवीदासनं घरून, बायकोच्या, म्हणजे कलावतीच्या, शिवणाच्या डब्यातून आणला.

मागच्या सोमवारी हा धावतच आला. "साहेब, एक मेला अन् एक जन्मला!" जाऊन पाहतो तर हौदाच्या तळाशी अख्खा झिंगा निपचित, नांग्या, मिशा, डोळ्यांसकट, अन् शेजारी दुसरा, फिकट, थरथरणारा. मी सांगितलं, अरे हा त्याचाच सदरा आहे. त्याला पटेना. मग दिवसभर बसून त्यानं दुसऱ्याला सदरा उतरवताना पाहिलं. संध्याकाळी म्हणे, "साहेब, पाठ फाडून निंगते बिचारा. आपल्याले बनियान काढाले कंटाळा येते." तेव्हापासून कात टाकलेल्यांसाठी त्यानं वेगळा ड्रम केला आहे. हौदातलंच पाणी भरतो, धागा त्यालाही.

ताई, चौदा वर्षांत या माणसाला कोणी शिकवलं नाही, याची मला लाज वाटली. साहेब लोक येऊन घाई करतात तेव्हा तो सरळ सांगतो, "धागा पाहा, मंग बोला." धागा पाहिल्याशिवाय तो हौदात मगभर पाणीसुद्धा टाकत नाही. मीही टाकू शकत नाही. परवा मी टाकायला गेलो तर माझ्या हातातून मग काढून घेतला त्यानं.

शेरा मनात तयार आहे. 'समाधानकारक' लिहायला जीव होत नाही, 'उत्कृष्ट' लिहीन.

तुझा
शिरीष

—

अमरावती
४ एप्रिल २००२

चि. शिरीष,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदाच तू कोणाची टिंगल न करता अख्खं पान लिहिलंस.

देवीदासला माझा नमस्कार सांग. सदऱ्याची गोष्ट माझ्या पोरींना सांगितली असती तर त्यांना धडा एका तासात कळला असता.

उन्हाळ्यात वीज जाते. पंपासाठी दुसरी सोय ठेवली आहेस ना? आणि शेरा आताच लिहून मोकळा हो. जूनपर्यंत कोण कुठे असेल, काय सांगावं.

कुमुदताई

—

रायपूर
३० मे २००२

ती. ताई,

पत्राला उशीर झाला. इथे ऊन सेहेचाळीसपर्यंत जाऊन आलं.

काम बिघडलं. २१ तारखेला दिल्लीचे पाहुणे हौद बघायला येणार होते आणि दोन दिवसांनी तलावात सोडण्याचा कार्यक्रम होता. त्या दुपारी देवीदासनं हौदात बर्फ टाकला. सहा लाद्या. पाणी अर्ध्या तासात तेहतीसवरून विसावर आलं. संध्याकाळपर्यंत एक्कावन्न झिंगे गेले. फक्त ड्रममधले नऊ वाचले.

चौकशी लागली आहे. खुलासा मागितला होता, तो मी दिला. देखभाल करणाऱ्या रोजंदारी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? त्याचं नाव यादीतून काढलं. कामावरूनही थांबवलं. वाईट वाटतं, पण हौद त्याच्या ताब्यात होता. रोजंदारीच्या माणसाला दुसरीकडे काम मिळतं, आमच्यासारख्यांच्या सेवापुस्तकात एकदा ओरखडा उठला की तो जात नाही. माझ्या बदलीची फाइल याच महिन्यात संचालकांच्या टेबलावर आहे. देवश्रीचा निकाल चांगला लागला, एकोणऐंशी टक्के. कॉलेज सुरू होईल तेव्हा मी तिथे असावं असं शर्मिष्ठेला वाटतं.

सिमेंटचा तलाव रिकामाच आहे. त्यात आता म्हशी बसतात. त्यांना कोणी तापमान विचारत नाही.

शिरीष

—

अमरावती
६ जून २००२

शिरीष,

देवश्रीला शाबासकी सांग.

तुझ्या पत्रावर पाण्याचं तापमान नाही. 'तुझा'ही नाही.

तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. शेजारच्या पोरीचं बघून लिहिलेलं उत्तर मला पहिल्या ओळीत कळायचं. तुझ्या पत्रात म्हशींपर्यंतचं एकही वाक्य तुझं नाही, ते सगळं खुलाशातून उतरवलेलं आहे.

मला दोन गोष्टी सांग. धागा पाहिल्याशिवाय मगभर पाणी न टाकणाऱ्या, साहेबाच्या हातातून मग काढून घेणाऱ्या माणसानं सहा लाद्या बर्फ का टाकला? आणि ज्या केंद्रात वीतभर धाग्याला तुझ्या सहीची चिठ्ठी लागते, तिथे सहा लाद्या बर्फ कोणाच्या चिठ्ठीवर आला?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मला ते कळलं आहे. पण तू स्वतःच्या अक्षरात लिहावंस असं वाटतं.

कुमुदताई

—

रायपूर
१८ जून २००२

ती. ताई,

तुझं पत्र आठ दिवस खिशात होतं. शर्टासोबत धोब्याकडे जाता जाता राहिलं. खरं सांगायचं तर गेलं असतं तर बरं, असंही वाटून गेलं.

लिहितो.

त्या दिवशी पाहुणे दुपारी तीनला येणार होते. सकाळी अकराला संचालक हौदाशी आले. झिंगे तळाशी पाइपच्या तुकड्यांमध्ये बसले होते. भर उन्हाळ्यात दिवसा ते तसेच बसतात, शहाण्यासारखे. संचालक म्हणाले, "ये तो सब सुस्त पड़े हैं, शिरीषजी. फोटो में कुछ हिलना-डुलना चाहिए. ठंडा-वंडा करवाइए." मी तुझं पत्र त्यांना सांगू शकलो असतो. पत्रक दाखवू शकलो असतो. तेवढ्यात ते म्हणाले, "आपकी भोपाल वाली फाइल मैंने आज ऊपर मँगवाई है." म्हणाले एवढंच, ताई. धमकी नव्हती, आमिषही नव्हतं. दोन वाक्यं फक्त एकापाठोपाठ आली.

मी 'स्नान का समय दस मिनट'खाली बसून बर्फाच्या कारखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली. सहा लाद्या, तातडीने. सही केली. लाद्या हातगाडीवरून आल्या. देवीदास हौदासमोर उभा राहिला.

"साहेब, धागा तेहतीसवर हाय."

"माहीत आहे."

"मंग बर्फ काहून?"

"पाहुणे येऊन राहिले ना."

"पाहुण्याईसाठी सरबतात टाका बर्फ. हे मरतीन."

मी म्हणालो, "धागा राहू दे, देवीदास. मी सांगून राहिलो ना? टाक."

तो म्हणाला, "हव." आणि एकेक लादी हळू, कडेनं, आवाज न करता आत सोडली. जणू आवाज कमी झाला तर थंडीही कमी लागेल.

आणि ताई, ते हलले! पहिली पाच-सात मिनिटं सगळा हौद शेपट्या आपटत होता. पाहुणे वेळेवर आले, हौदात डोकावले. "वाह, बहुत ऐक्टिव हैं," म्हणाले. कॅमेरे चालले. संचालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते मोटारीत बसेपर्यंत पहिला उलटा झाला. पाय वर, अगदी मंद हालत होते. मग दुसरा. मग मोजायचं राहिलं नाही. देवीदास पाण्यात उतरला आणि एकेकाला सरळ करत राहिला. ते परत उलटे होत राहिले. ड्रममधल्या नऊ जणांकडे बर्फ नेला नव्हता. त्यांची आठवण फक्त त्याला होती.

खुलासा मी दुसऱ्या दिवशी लिहिला. संचालकांनी सुचवलं नव्हतं. ते फक्त म्हणाले, "देख लीजिए, कैसे लिखना है." मी देखून घेतलं.

आता राहिलेलं. दहा तारखेला देवीदास माझ्या खोलीवर आला. कारखान्याकडे चिठ्ठीची नक्कल जाते, मूळ चिठ्ठी लाद्या उतरवून घेणाऱ्याकडे राहते. ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती, घडी घातलेली. बर्फाच्या पाण्यानं शाई पसरली होती, पण माझी सही अगदी ठळक. त्यानं ती टेबलावर ठेवली. म्हणाला, "साहेब, हे तुमची हाय. माह्याजवळ राह्यली तं कोनी मांगन." आणि गेला.

ती चिठ्ठी त्यानं चौकशीत दाखवली असती तर मी आज घरी बसलो असतो. त्यानं ती मलाच आणून दिली. मी फाडून टाकीन असं त्याला वाटलं असेल का? की फाडणार नाही असं? दोन्हींपैकी काय जास्त वाईट, ते ठरत नाही.

चिठ्ठी अजून आहे. काय करू?

शिरीष

—

अमरावती
२५ जून २००२

चि. शिरीष,

हे तुझ्या अक्षरात आहे.

काय करू, हे मला विचारू नको. तुझं २० मार्चचं पत्र परत पाठवते आहे. खुलाशाला जोडपत्रं लागतात ना तुमच्यात? चिठ्ठीसोबत हेही लाव. देवीदास कसा काम करायचा याचा तुझ्या हातचा लेखी पुरावा एवढाच आहे. शेरा लिहून ठेवल्याचं तू कधी कळवलं नाहीस, हे मी विसरले नाही.

कुमुदताई

—

रायपूर
१२ जुलै २००२
पाणी ३०

ती. ताई,

दुसरा खुलासा ३ तारखेला दिला. जोडपत्र एक, बर्फाची चिठ्ठी. जोडपत्र दोन, बहिणीस लिहिलेलं खासगी पत्र. आवक लिपिक म्हणाला, "साहब, इसमें तो बनियान लिखा है, ये कैसे चढ़ाऊँ?" मी म्हणालो, जसंच्या तसं चढव. शेराही सोबत लावला. 'उत्कृष्ट' लिहिलं, तारीख मात्र त्याच दिवसाची टाकली. मागची टाकायला हात गेला होता, आवरला.

भोपाळची फाइल दुसऱ्याच दिवशी नामंजूर होऊन खाली आली. माझ्यावर आरोपपत्र निघेल. संचालकांबद्दल मी लिहिलं, पण त्यांची सही कशावर नाही, त्यांची फक्त वाक्यं आहेत. शर्मिष्ठेला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं होतं." देवश्री फोनवर आली नाही.

देवीदासच्या नावाची पुरवणी वर गेली आहे. यादी आधीच गेली होती, त्यामुळे नाव परत चढेल की नाही, कोणी सांगत नाही. मी रोज विचारतो. रोज विचारणाऱ्याला आमच्याकडे वेडा समजतात, ते एक बरं आहे.

ड्रम मीच बघतो. नऊचे नऊ आहेत. तू म्हणालीस तसं, दर चार दिवसांना एक अंश खाली आणतो आहे.

पुरानी बस्तीत देवीदासच्या घरी दोनदा गेलो. पहिल्यांदा जूनच्या शेवटी, नुसता, हात हलवत. तुला माहीत आहे, इकडे दारात आलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी देतात, बोलणं मग. कलावतीनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि आत गेली ती परत आली नाही. मी ओट्यावर उभा राहिलो आणि निघालो.

काल परत गेलो. खुलाशाची नक्कल घेऊन. यंदा जुलै लागला तरी आभाळ कोरडं आहे, दुपारी दोनचं ऊन मेसारखं होतं. चालत गेलो होतो. देवीदास ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. सध्या दुसऱ्याच्या तलावावर मासे धरायला जातो. मी नक्कल दिली. त्यानं सावकाश, ओळीवर बोट ठेवून सगळी वाचली. जोडपत्र दोनवर बराच वेळ थांबला. हसला नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली, त्याच खिशात.

मग म्हणाला, "ड्रम कितीवर हाय?"

"तीस."

"कालचा?"

"तीसच. चार दिवसाले एक."

"पंप?"

"सुरू आहे."

त्यानं मान हलवली आणि जाळ्याला गाठ मारली. माफीचं वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं, चांगलं होतं, ते मला सापडेना.

तेवढ्यात कलावती बाहेर आली. हातात तांब्या, माठातलं पाणी, बाहेरून दव सुटलेलं. माझ्याकडे न बघता माझ्यासमोर धरला. मी हात पुढे केला.

देवीदास जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "एकदम देऊ नको वं. भर उन्हातून आले ते. थोडं बसू दे आधी."

तिनं तांब्या माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

मी बसलो.

तुझा
शिरीष